एका एमजीएच्या इंजिनाची ओळख: पट्टीवरचं अक्षर न् अक्षर तपासताना

(गाडी, माणसं आणि गॅरेज ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत. मापं आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

दादरच्या एका कुटुंबाकडे १९५६ सालची एमजीए १५०० होती, म्हणजे ‘एमजी’ या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स गाडी. उघडी, दोन आसनांची, उजव्या स्टिअरिंगची, ‘बीएम’ने सुरू होणाऱ्या जुन्या मुंबई क्रमांकाची. घेतली काकांनी, ते गेल्यावर ती पुतण्याकडे आली. वर्षातून दोन-तीनदा पहाटे वरळीपर्यंत फेरी, बाकी सगळे दिवस ताडपत्रीखाली. विकायची ठरली तेव्हा जाहिरातीत एक वाक्य ठळक होतं: ‘मूळ इंजिन, नंबर जुळतो.’

पार्ल्याच्या खरेदीदाराला गाडी आवडली आणि किंमतही जवळपास ठरली. त्या किमतीत ‘मूळ इंजिन’ या दोन शब्दांचा वाटा मोठा होता. म्हणून बयाणा देण्याआधी त्यांनी तपासणीचं काम माझगावच्या एका गॅरेजला दिलं. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) जुन्या इंजिनांवर तिथे अनेक वर्षं काम चालतं.

एमजीए १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झाली, एकूण १,०१,०८१. सुरुवातीला इंजिन १४८९ सीसीचं होतं, १९५९पासून १५८८चं आणि १९६१पासून १६२२चं. थोड्या ‘ट्विन कॅम’ गाड्या सोडल्या, तर ही सगळी बीएमसीची ‘बी सीरिज’. हेच घराणं ऑस्टिन, मॉरिस आणि वुल्झलीच्या सलून (बंद छताच्या) गाड्यांत होतं, आणि आपल्याकडे उत्तरपाड्याच्या अँबॅसडरमध्ये १४८९ सीसीच्या रूपात कित्येक दशकं होतं. आयातीवर निर्बंध असताना एमजीचं इंजिन निकामी झालं, तर मुंबईतल्या मिस्त्रीसमोर सरळ वाट एकच होती: घराण्यातलं दुसरं इंजिन आणायचं, त्याला जुन्या इंजिनाच्या पुढच्या-मागच्या प्लेटा लावायच्या आणि गाडी चालू करायची. त्या वाटेनेच कितीतरी गाड्या भंगारात जायच्या वाचल्या, हे विसरू नये.

अडचण

बी सीरिजचा इंजिन क्रमांक ब्लॉकच्या उजव्या बाजूला, डायनॅमोच्या ब्रॅकेटच्या वर असतो. या गाडीत तिथे एक छोटी धातूची पट्टी रिवेटने बसवलेली होती. पट्टीवर ‘१५जीडी-यू-एच’ आणि पुढे पाच आकडे. आर.सी.च्या स्मार्ट कार्डावर फक्त पाच आकडे होते, आणि ते पट्टीवरच्या आकड्यांशी हुबेहूब जुळत होते.

पुतण्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. “काकांनी इंजिन कधी बदललंच नाही. आणि कार्डावर सरकारी नोंद आहे, अजून काय पाहिजे?” त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि तपासणीत कुणीही त्यांच्या हेतूवर शंका घेतली नाही.

गॅरेजच्या मिस्त्रींना मात्र पहिल्याच दिवशी दोन गोष्टी खटकल्या. १९५६च्या एमजीएत ‘१५जीडी’ हा कोडच बसत नाही. त्या वर्षीच्या गाड्यांना ‘बीपी१५जीबी’ इंजिन होतं, मग ‘१५जीबी’ आलं आणि त्यानंतर ‘१५जीडी’. दुसरं म्हणजे आरपीएम मीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा शून्यावर होता. “तो पहिल्यापासून बंदच आहे,” असं पुतण्या म्हणाले. गॅरेजच्या वहीत हे वाक्य शब्दशः लिहून ठेवलं गेलं, आणि पुढे ते फार उपयोगी पडलं.

कोड कसा वाचायचा

‘१५जीडी-यू-एच’ हे एकसंध नाव समजून वाचलं की फसगत होते. त्यात पाच स्वतंत्र विधानं आहेत. ‘१५’ म्हणजे १५०० वर्गातली क्षमता. ‘जी’ म्हणजे एमजीसाठी बांधलेलं इंजिन (ऑस्टिनसाठी ए, मॉरिससाठी एम, रायलीसाठी आर, वुल्झलीसाठी डब्ल्यू). ‘डी’ म्हणजे त्या इंजिनाची आवृत्ती. ‘यू’ म्हणजे गिअरची दांडी मधोमध. स्टिअरिंगच्या खांबावर असेल तर ‘एन’. ‘एच’ म्हणजे जास्त काँप्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते), ‘एल’ म्हणजे कमी. त्यापुढे अनुक्रमांक. यातलं प्रत्येक विधान लोखंडाशी वेगवेगळं ताडून पाहता येतं, आणि एक खरं ठरलं म्हणून बाकीची आपोआप खरी होत नाहीत.

आणखी एक फरक ध्यानात ठेवायचा, तो ओतीव आणि ठोकलेल्या आकड्यांचा. उठावदार ओतीव आकडे साच्यातून येतात. एकाच साच्यातले ब्लॉक वेगवेगळ्या गाड्यांत जातात. ठोकलेले आकडे इंजिन बांधून झाल्यावर पडतात. ओतीव आकडा घराणं सांगतो, घर सांगत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय पट्टीवर विश्वास ठेवून व्यवहार उरकण्याचा. खरेदीदाराला तो मान्य नव्हता.

दुसरा, पट्टी काढून खाली काय आहे ते पाहण्याचा. मोह मोठा होता, कारण रिवेट उघड उघड नव्या होत्या: मधोमध भोक असलेल्या पॉप रिवेट. कारखान्यात अशा पट्ट्यांना ठोकून बसवायच्या भरीव रिवेट असत. पट्टीवरची अक्षरंही एकसारख्या खोलीची आणि गुळगुळीत कडांची, म्हणजे मशिनवर कोरलेली होती. हाताने ठोकलेल्या अक्षरांत एखादं तिरकं, एखादं खोल असं दिसतंच. तरी पट्टी काढायची नाही असं ठरलं, आणि हा निर्णय बरोबर होता असं आमचं ठाम मत आहे. गाडी अजून दुसऱ्याच्या नावावर होती. ओळखक्रमांकाची पट्टी उखडणं म्हणजे पुरावा स्वतःच्या हाताने बिघडवणं; उद्या आरटीओच्या निरीक्षकाने विचारलं, तर उत्तर देता येत नाही. आम्ल लावून घासलेले आकडे वर आणण्याची पद्धतही आहे, पण ते न्यायसहायक प्रयोगशाळेचं काम. गॅरेजमध्ये तो प्रयोग करू नये.

तिसरा, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजण्याचा. माप नेमकं मिळतं, पण पाणी काढणं, नवं गॅस्केट, आणि साठ-पासष्ट वर्षांच्या स्टडपैकी एखादा तुटण्याचा धोका. पुतण्यांनी याला नकार दिला. गाडी विकली गेली नाही तर उघडलेलं इंजिन त्यांच्या गळ्यात पडणार होतं, तेव्हा तो नकार रास्तच होता.

चौथा, न उघडता जितकं कळेल तितकं काढण्याचा. हाच निवडला, आणि जोडीला कारखान्याच्या नोंदी मागवायचं ठरलं. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे एमजीएच्या मूळ उत्पादन नोंदवह्या आहेत. त्यावरून प्रमाणपत्र मिळतं आणि त्यात गाडी बाहेर पडताना कोणतं इंजिन होतं ते असतं. अर्ज पुतण्यांच्या नावाने, त्यांच्या संमतीने गेला.

प्रत्यक्ष तपासणी

सुरुवात सफाईने झाली. डिझेल, नायलॉनचा ब्रश आणि लाकडी काडी. वायरब्रश लावलेलं ड्रिल इथे चालत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत पट्टीची कड आधीच खाल्लेली असते आणि एका झटक्यात उथळ अक्षर पुसलं जातं. मग टॉर्च जवळजवळ आडवी धरून तिरप्या उजेडात फोटो, आणि बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने ठसा, जसा चेसिस नंबरचा घेतात तसाच. फोटोत रिवेटही आल्या पाहिजेत, नुसती अक्षरं पुरत नाहीत.

‘१५’ची परीक्षा. बी सीरिजच्या १४८९, १५८८, १६२२ आणि १७९८ या सगळ्या इंजिनांचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८८.९ मिलिमीटरच असतो. त्यामुळे प्लगच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक मोजून काहीही सिद्ध होत नाही. ही चूक जाणती माणसंही करतात. फरक फक्त बोअरमध्ये आहे: अनुक्रमे ७३.०२, ७५.४१, ७६.२ आणि ८०.२६ मिलिमीटर. हेड न उतरवता बोअर कळायचा तर एका सिलिंडरचं आकारमान तेलाने मोजायचं. काम असं झालं:

बॅटरी आधी सोडल्या. एमजीएत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे असतात आणि अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बॉडीला पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असतं. सवयीने भलती केबल आधी काढली आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. गाडीची उजवी बाजू जॅकने उचलली, कारण प्लग उजवीकडे आहेत आणि भोक वर आलं की आत हवा कमी अडकते. चारही प्लग काढले. एक नंबरच्या सिलिंडरच्या दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहाव्यात म्हणून त्यांचे ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण ढिले करून, रॉकर बाजूला सरकवून पुशरॉड (रॉकरला ढकलून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळया) काढून घेतले. काढण्याआधी फीलर गेजने दोन्ही गॅप मोजून लिहिल्या.

इथे एक सावधगिरी. रॉकर शाफ्टच नटांसकट उतरवावा असं कुणालाही वाटेल, पण या इंजिनात रॉकर ब्रॅकेटचे चार नट हेडसुद्धा धरून ठेवतात. ते ढिले केले की गॅस्केटवरचा दाब जातो आणि पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं. हेड उतरवायचं नाही असं ठरवून शेवटी तेच करून बसल्यासारखं होतं.

मग हँडल मारून पिस्टन अगदी खाली आणला आणि मोजपात्रातून ४० ग्रेडचं इंजिन ऑइल प्लगच्या आट्यांच्या तळापर्यंत भरलं. पातळ तेल रिंगांतून झिरपतं आणि आकडा फुगतो. जाड तेल दोन मिनिटांत भरून लगेच वाचायचं. तीन वेळचे आकडे आले ४३६, ४३९ आणि ४३७ सीसी. पिस्टन वर असताना ६०, ६१ आणि ६०. वजाबाकी साधारण ३७७. हँडल फिरवण्याआधी दर वेळी तेल पिचकारीने ओढून काढलं. भरलेल्या सिलिंडरवर प्लग लावून स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून शेवटी चारही प्लग काढलेले असतानाच इंजिन दहा-बारा वेळा हाताने फिरवलं.

३७७चा अर्थ काय? १४८९चा एक सिलिंडर मूळ मापात ३७२ सीसी. वीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर वाढवला की ३७७.५. साठ थाउपर्यंत नेला तरी ३८८च्या पुढे जात नाही. १५८८ मूळ मापातच ३९७ आहे आणि बोअर पुढेच जातो, मागे येत नाही. म्हणजे हे १४८९च, एकदा वीस थाउ बोअर केलेलं. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप घातला तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर काजळीखाली ‘०२०’ वाचता आलं. ‘१५’ खरं ठरलं.

जाता जाता: ही परीक्षा १५०० वर्गात निर्णायक आहे, पण १६००च्या दोन इंजिनांत फसवते. १५८८चा बोअर तीस थाउ वाढवला की तो ७६.१७ होतो, म्हणजे १६२२च्या मूळ मापाला जाऊन भिडतो. तिथे नुसत्या आकारमानावर मत देऊ नये.

‘एच’ची परीक्षा. त्याच आकड्यांतून काँप्रेशन निघतं: ४३७ भागिले ६०, म्हणजे सुमारे ७.३. एमजीए १५००चं काँप्रेशन ८.३ असायला हवं. त्यासाठी पिस्टनच्या वरची जागा ५२ सीसीच्या आसपास हवी होती. भरताना थोडी हवा अडकते हे खरं, पण अडकलेली हवा आणि साचलेली काजळी आकडा कमीच दाखवतात. खरी जागा ६०हून मोठी असेल आणि काँप्रेशन अजून कमी. रिंगांतून गळती झाली तर आकडा उलट्या दिशेने सरकतो, पण तिन्ही वाचनं एका सीसीच्या आत होती. आठ सीसीचा फरक गळतीवर ढकलता येत नाही. ‘एच’ टिकला नाही. तरी ही साक्ष मध्यम दर्जाचीच धरली, कारण हेड आणि पिस्टन बदलता येतात.

‘जी’ची परीक्षा, हाच या प्रकरणाचा गाभा. दोन एसयू कार्ब्युरेटर दिसले की ‘हे एमजीचं इंजिन’ असं बरेच जण समजतात. ते कार्ब्युरेटर मॅनिफोल्डसकट घराण्यातल्या दुसऱ्या हेडवर चढवता येतात. रंग, एअर फिल्टर, व्हॉल्व्ह कव्हर यांचंही तेच. साक्ष घ्यायची ती ब्लॉकमध्ये मशिनने केलेल्या कामाची, कारण ते नंतर सहजासहजी करता येत नाही.

एमजीएचा आरपीएम मीटर यांत्रिक आहे. ब्लॉकच्या डाव्या बाजूला, मागच्या टोकाशी, कॅमशाफ्टवरच्या (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्यावरच्या) गिअरमधून एक छोटी ड्राइव्ह निघते आणि तिथून केबल डॅशबोर्डकडे जाते. सलूनला सहसा असा मीटर नसल्यामुळे तिच्या ब्लॉकला ती सोय लागत नाही. या गाडीत त्या जागी लोखंड कोरं होतं. भोक नाही, स्टड नाहीत, मशिनिंगची खूण नाही. डॅशच्या मागे हात घातला तर मीटरची जुनी केबल गुंडाळून तारेने बांधलेली सापडली. मीटर बिघडलेला नव्हताच. त्याला फिरवणारं इंजिन गाडीत नव्हतं. ‘पहिल्यापासून बंद’ म्हणजे इंजिन बदललं त्या दिवसापासून बंद.

दुसरी खूण पेट्रोल पंपाची. एमजीएत एसयूचा विजेवर चालणारा पंप मागच्या बाजूला असतो, इंजिनावर पंप नसतो. अँबॅसडर आणि तिच्या काही सलून भावंडांत कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप ब्लॉकलाच लावलेला असतो. या ब्लॉकवर दोन बोल्टांनी बसवलेली एक चकती होती, कुणीतरी हाताने कापलेली, खाली जाड कागदी पॅकिंग. पुतण्यांच्या परवानगीने ती उघडली. आत पंपाचं तोंड होतं आणि कॅमवर पंप चालवणारा लोब (उंचवटा) फिरताना दिसला. कॅम बदलता येतो, म्हणून एकट्या लोबवर भिस्त ठेवली नाही. पण मशिनने केलेलं तोंड आणि मागे कोरं लोखंड, दोन्ही मिळून ‘जी’ निकालात निघाला.

‘डी’ आणि ‘यू’. १५जीडीच्या वेळी एमजीएचा स्टार्टर वरच्या जागी गेला. त्याआधीच्या गाड्यांत तो खाली असे. इथे स्टार्टर खाली होता. स्टार्टरची जागा मागची प्लेट आणि गिअरबॉक्सचं कवच ठरवतं, ब्लॉक नाही. म्हणजे ती खूण इंजिनाबद्दल काही बोलत नाही, पण गिअरबॉक्स जुन्या धाटणीचा, १९५६ला शोभणारा आहे हे सांगते. ‘यू’ही त्याच गिअरबॉक्सचा गुण. पट्टीवर जे लिहिलं होतं ते या गाडीतल्या कुठल्याच जोडीला पूर्ण लागू होत नव्हतं.

कागद

चौथ्या आठवड्यात गेडनहून प्रमाणपत्र आलं. गाडीचा क्रमांक बल्कहेडवरच्या (इंजिन आणि आसनांमधल्या पत्र्यावरच्या) प्लेटशी जुळला. इंजिनासमोर ‘बीपी१५जीबी’ आणि वेगळाच अनुक्रमांक होता.

आता प्रश्न उरला तो आर.सी.वरच्या पाच आकड्यांचा. ते कुठून आले? सोपा तर्क असा, की कुणीतरी आर.सी. बघून खोटी पट्टी बनवली. पण मग आर.सी.वर ते आधी कसे आले? पुतण्यांना विनंती केली, की स्मार्ट कार्डाच्या आधीचं कागदी आर.सी. बुक असेल तर शोधा. दोन दिवसांनी ते काकांच्या गोदरेजच्या कपाटात, विम्याच्या पावत्यांखाली मिळालं. त्यात इंजिन क्रमांकाच्या रकान्यात बीपी१५जीबीची मूळ नोंद लाल शाईने खोडलेली होती. शेजारी ‘इंजिन बदलले’, हेच पाच आकडे, गोल शिक्का, सही आणि १९७४ची तारीख.

काकांनी इंजिन बदललं होतं आणि रीतसर नोंदही केली होती. पाच आकडे खरे होते, त्या सलून इंजिनाचे. नोंद करताना पुढची अक्षरं गळली, आणि स्मार्ट कार्डावर तीच अपुरी नोंद उतरली. नंतर कधीतरी रंगकामाच्या वेळी मूळ पट्टी गेली असावी. नवी बनवताना कुणीतरी आकडे आर.सी.वरून घेतले आणि अक्षरं पुस्तकातून, एमजीए म्हणून ‘१५जीडी-यू-एच’. वर्ष न पाहता.

निर्णय आणि निष्पत्ती

अहवालात तीन पातळ्या ठेवल्या. खात्रीचं: हे गाडीचं मूळ इंजिन नाही, ब्लॉक एमजीएचा नाही, १४८९ सीसी, वीस थाउ बोअर, बदल १९७४ला नोंदलेला. दाट शक्यतेचं: इंजिन अँबॅसडरचं. त्या वर्षी मुंबईत हे इंजिन सहज मिळेल असा तोच मार्ग होता. तरीही ‘खात्रीचं’मध्ये ते घातलं नाही, कारण आयात सलूनचा ब्लॉकही याच खुणा दाखवतो. चुकीचं: पट्टीवरची अक्षरं.

खरेदीदाराने व्यवहार मोडला नाही. ठरलेल्या किमतीतून सुमारे एक षष्ठांश कमी झाला. पुतण्या आधी दुखावले गेले, पण काकांची सही असलेलं ते पान समोर आल्यावर त्यांनीच जाहिरातीतलं वाक्य मागे घेतलं. विक्रीच्या करारात इंजिनाचा परिच्छेद स्वतंत्र लिहिला आणि जुन्या आर.सी. बुकाची प्रत जोडली.

सर्वात जास्त चर्चा पट्टीवर झाली. एक सूचना अशी आली, की आर.सी.वर ‘पूर्ण’ क्रमांक, म्हणजे पट्टीवरची अक्षरं धरून, दुरुस्त करून घ्यावा. गॅरेजने याला स्पष्ट विरोध केला. तसं केलं असतं तर एक चुकीचं लेबल सरकारी दप्तरात कायमचं खरं झालं असतं. आकडे जुळतात आणि बदलाची नोंद आहे, तोवर आर.सी. निर्दोष आहे, तिला हात लावायचा नाही, आणि पट्टीही जागची हलवायची नाही, असं ठरलं.

खरेदीदाराच्या मनात विंटेज नोंदणीही होती. जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. पण वाहन मूळ रूपात हवं, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनातला बदल त्याआड येतो. ‘मूळ इंजिन’ असं लिहून अर्ज भरला असता तर ते खोटं विधान झालं असतं. जुनी नोंदणी चालूच होती, तीच ठेवली. पुढे बीपी१५जीबीचा ब्लॉक मिळाला आणि बसवला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार ती नोंद वेगळी करावी लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. जुनं आर.सी. बुक पहिल्याच दिवशी मागितलं असतं, तर चार आठवड्यांचं काम चार दिवसांत उरकलं असतं. स्मार्ट कार्ड हा शेवटचा कागद असतो. त्याआधीचं पुस्तक, विम्याच्या जुन्या पॉलिसी, हस्तांतराचे कागद यांत खोडलेल्या नोंदी जिवंत असतात. तपासणी करणाऱ्यांना लोखंड आवडतं, कागदाचा कंटाळा येतो. इथे तेच झालं.

तेलाने मोजायची गरज होती का, यावर गॅरेजमध्ये अजून दोन मतं आहेत. डाव्या बाजूचं कोरं लोखंड पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं आणि ‘जी’ तिथेच पडला असता. आमच्या मते मोजणी वाया गेली नाही: बोअर किती उरला आहे हे खरेदीदाराला कळलं आणि ‘१५’ खरं ठरल्यामुळे अहवालावर विक्रेत्याचाही विश्वास बसला. नुसतं ‘खोटं, खोटं’ म्हणत गेलं असतं, तर कपाट उघडलं गेलं नसतं. पण मोजणी चकती उघडल्यानंतर करायला हवी होती, आधी नाही.

एक उणीव राहिलीच. पंपाची चकती उघडण्याआधी आतल्या पॅकिंगचा फोटो घेतला नाही. ते पॅकिंग जुन्या छापील कागदातून कापलेलं होतं, काढताना फाटलं आणि कचऱ्यात गेलं. त्यावर तारीख असती, तर ती चकती नेमकी कधी लागली याचा थोडा तरी माग लागला असता.

सध्या गाडी पार्ल्यात आहे. मीटरची जुनी केबल तेल लावून, गुंडाळून, तिच्या जागी परत बांधून ठेवली आहे.